हाताने कोरलेली स्मृतिशिला घडवून घेताना

आपल्या माणसाच्या स्मरणार्थ दगड घडवून घ्यायचे ठरले की बहुतेक घरांत पहिली चर्चा होते ती दगडाच्या रंगाची आणि आकाराची, कारण डोळ्यांसमोर चटकन उभे राहते ते तेवढेच. हा क्रम उलटा आहे. स्मृतिशिला ही मुळात वाचण्याची वस्तू आहे. तिच्यावर किती अक्षरे यायची यावरून अक्षरांची उंची ठरते, उंचीवरून शिळेचे माप ठरते, अक्षराचे वळण किती नाजूक यावरून कोणता दगड चालेल हे ठरते आणि या सगळ्यांवरून कारागिराची मजुरी ठरते. म्हणून मजकूर आधी लिहावा आणि दगड मागाहून निवडावा.

मजकूर लिहायला बसल्यावर नाव, जन्म व मृत्यूची वर्षे आणि एखादे नाते एवढ्यावर सुरुवात करावी, आणि त्यापुढचा प्रत्येक शब्द आपली जागा कमावतो की नाही हे पाहावे. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या कबरींसाठी 1917 साली स्थापन झालेल्या इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने कुटुंबीयांना शिळेवर स्वतःचे शब्द घालण्याची मुभा दिली, तेव्हा मोकळ्या जागा धरून 66 अक्षरांची मर्यादा घातली होती. हजारो कुटुंबांनी तेवढ्या जागेत आपल्या मुलाबद्दल जे म्हणायचे ते म्हटले. मर्यादा कोणी घातलेली नसली तरी ती स्वतःला घालून घ्यावी, असे माझे मत आहे. ‘प्रेमळ’, ‘मनमिळाऊ’, ‘सर्वांचे लाडके’ ही विशेषणे कोणत्याही शिळेवर बसतात, आणि म्हणूनच ती कोणाचीच नसतात. त्याऐवजी त्या व्यक्तीचा व्यवसाय, तिने लावलेले झाड किंवा तिच्या तोंडी नेहमी असलेले चार शब्द कोरले, तर अनोळखी वाचणाऱ्यालाही कोणीतरी भेटल्यासारखे वाटते. दुसरा काळजीचा मुद्दा दुःखाच्या भाषेचा. मृत्यूनंतर पहिल्या महिन्यात लिहिलेला मजकूर दोन-तीन महिने बाजूला ठेवून पुन्हा वाचला, तर त्यातील निम्मे शब्द आपले आपणच खोडतो. शिळा जमिनीतील दफनावर उभी करायची असेल, तर खणलेली माती बसायला बहुधा सहा महिने ते वर्ष थांबावे लागतेच. तो काळ या कामासाठी वापरावा.

मजकूर ठरला की तो तपासणे हे वेगळे आणि कंटाळवाणे काम आहे, पण त्यात कसूर करू नये. कागदपत्रांवरचे नाव आणि माणसे ज्या नावाने हाक मारीत ते नाव यांपैकी कोणते घ्यायचे, आडनावातील ऱ्हस्व-दीर्घ कोणते, तारखा कोणत्या कागदावरून घेतल्या, हे सगळे एका कागदावर लिहून ठेवावे. मग तो मजकूर घराबाहेरच्या, भाषा नीट जाणणाऱ्या दोन माणसांना दाखवावा, कारण घरची माणसे वाचत नाहीत, आठवतात. दगडावरची चूक खोडता येत नाही. चुकलेल्या अक्षरापुरता तुकडा बसवावा लागतो, किंवा शिळेचा पूर्ण दर्शनी भाग काही मिलिमीटर तासून पुन्हा सुरुवात करावी लागते. दोन्हींत खर्च आणि मनस्ताप आहे.

कारागिराकडे जाण्यापूर्वी जागेचे नियम लेखी मागून घ्यावेत. दफनभूमी, प्रार्थनास्थळाचे आवार किंवा सार्वजनिक बाग, जागा कोणतीही असो, तिच्या व्यवस्थापनाचे शिळेच्या उंचीबद्दल, जाडीबद्दल, दगडाच्या प्रकाराबद्दल आणि कधीकधी मजकुराबद्दलही नियम असतात. जागेचा हक्क किती वर्षांचा आहे, शिळा कोण उभी करू शकतो आणि नंतर तिच्यावर दुसरे नाव कोरायला पुन्हा परवानगी लागते का, हेही त्याच वेळी विचारावे. आराखडा मंजूर झाल्याचा कागद हाती येईपर्यंत दगड कापायला सांगू नये.

आता कारागीर. दगडाच्या दुकानात शिळा मिळते, पण तिच्यावरची अक्षरे बहुधा संगणकावरच्या ठरावीक टायपातून कापलेल्या साच्यावर सँडब्लास्टिंगने, म्हणजे दाबाच्या वाऱ्याबरोबर बारीक कणांचा मारा करून, खोदलेली असतात. त्या कामात गैर काही नाही, ते स्वस्त आणि जलद होते. मात्र ‘हाताने कोरलेले’ म्हणून ते कोणी विकत असेल, तर फरक ओळखता यायला हवा. छिन्नीने कोरलेल्या अक्षराचा छेद इंग्रजी ‘व्ही’सारखा असतो: दोन उतरत्या बाजू खाली एका धारेत मिळतात. त्यामुळे तिरप्या उजेडात अक्षराची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत जाते आणि रंग न भरताही अक्षर वाचता येते. सँडब्लास्टिंगने खोदलेल्या अक्षराचा तळ बहुधा सपाट आणि खरखरीत असतो. कारागिराची जुनी कामे छायाचित्रांत न पाहता प्रत्यक्ष पाहावीत, तीही ऊन तिरपे असताना, आणि शक्यतो दहा-वीस वर्षांपूर्वीची. नवे काम सगळ्यांचेच चांगले दिसते.

मराठी मजकूर असेल तर आणखी एक कसोटी आहे, आणि ती फारच थोडे लोक लावतात. देवनागरी कोरण्याचे स्वतःचे प्रश्न आहेत. वरच्या ओळीतील उकार आणि खालच्या ओळीतील वेलांटी, मात्रा, रफार एकमेकांना भिडतात, म्हणून दोन ओळींत रोमन लिपीपेक्षा जास्त अंतर सोडावे लागते. जोडाक्षरांत आणि ‘ध’, ‘भ’, ‘ष’ यांसारख्या अक्षरांच्या पोटात दगडाची लहानशी बेटे उरतात. ठिसूळ दगडात नेमके तेथेच टवके उडतात. शिरोरेषा सलग कोरायची की अक्षरागणिक तोडायची, अनुस्वाराचा ठिपका गोल ठेवायचा की चौकोनी टोकाचा, हे आधी ठरवावे लागते. मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हवा असेल तर तो स्वतंत्रपणे सांगावा, कारण देवनागरीच्या अनेक संगणकीय टायपांत सहज मिळते ते हिंदी वळण. ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’मधला अर्धा ‘र’ तर हमखास चुकतो. कारागिराला लिपी वाचता येत नसेल, तरी तो उत्तम कोरू शकतो. पण मग अक्षरे लिहून देणारा चांगला सुलेखनकार आपण शोधून द्यावा, आणि अक्षरांची छापील प्रत देऊन मोकळे होऊ नये. रोममधील ट्राजन स्तंभावरचा इ.स. 113 मधील लेख अक्षरकलेचा आदर्श मानला जातो. त्यातील अक्षरे आधी रुंद कुंचल्याने दगडावर रेखून मग छिन्नीने खोदली असावीत, असे मत मांडले गेले आहे, आणि आजही अनेक कारागीर त्याच क्रमाने काम करतात. हाताचे वळण आधी, लोखंड नंतर.

दगडाची निवड या टप्प्यावर करावी. स्लेटचा, म्हणजे पाटीच्या दगडाचा, पोत अतिशय बारीक असतो, त्यामुळे लहान व नाजूक अक्षरे तिच्यावर धारदार राहतात. घोटलेल्या गडद पृष्ठभागावर ताजी कोरलेली अक्षरे फिकट दिसतात आणि त्यांत सोन्याचा वर्खही चांगला बसतो. लांब मजकुरासाठी माझी पहिली पसंती तिलाच राहील. चुनखडक कोरायला मऊ आणि दिसायला उबदार, पण अक्षर व पृष्ठभाग यांच्या रंगात फरक नसल्याने अक्षरे मोठी आणि खोल हवीत. चुनखडक व संगमरवर दोन्ही मूलतः कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने आम्लयुक्त पावसात झिजतात. जुन्या पांढऱ्या संगमरवराचा पृष्ठभाग साखरेसारखा रवाळ होऊन नावे पुसट झालेली दिसतात ती यामुळेच. उघड्यावर संगमरवर नकोच, असे मी म्हणेन. वालुकाश्म घेतला तर त्याचे नैसर्गिक थर शिळेच्या तोंडाला समांतर उभे येऊ देऊ नयेत, नाहीतर काही वर्षांत पापुद्रे सुटून अक्षरांसकट गळून पडतात. ग्रॅनाइट सर्वांत टिकाऊ, पण त्यात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही कठीण खनिजे असल्याने तो इतका कठीण असतो की हाताने कोरायला टंगस्टन कार्बाइडच्या टोकाच्या छिन्न्या लागतात. काम वेळखाऊ होते आणि रवा मोठा असेल तर बारीक अक्षराची कड तुटक येते. दगड पसंत करताना तो ओला करून पाहावा, कारण कोरडा होताना तडा उशिरा सुकतो आणि रेघेसारखा दिसतो. हातोडीने हलके ठोकावे; निर्दोष दगड खणखणीत वाजतो, आत भेग असलेला बद्द वाजतो.

यानंतर कारागीर लहान रेखाटन देईल, मग प्रत्यक्ष मापाचे. पूर्ण मापाचा कागद भिंतीवर शिळा जितक्या उंचीवर येणार तितक्या उंचीवर लावून चार-पाच पावलांवरून वाचावा. पुढे दुसरे नाव यायचे असेल तर खाली जागा राखावी, परंतु ती अर्धवट सोडल्यासारखी दिसू नये, अशी मांडणी आताच करून घ्यावी. या रेखाटनावर सही केली की जबाबदारी आपली.

करार लेखी असावा. दगडाची किंमत, कोरणावळ, वर्ख किंवा रंग, वाहतूक, पाया आणि उभारणी या रकमा वेगळ्या लिहून घ्याव्यात. मजुरी अक्षरागणिक असेल, तर जोडाक्षर, काना, मात्रा, विरामचिन्हे यांची मोजणी कशी होणार हे आधीच स्पष्ट करावे. देवनागरीत या एका मुद्द्यावरून शेवटी कटुता येते. कारागिराची चूक कोणी सुधारायची, आगाऊ रक्कम किती आणि उरलेली केव्हा, हेही नोंदवावे. पहिल्या भेटीपासून शिळा उभी राहीपर्यंत सहा महिने ते वर्ष लागणे स्वाभाविक आहे. एखाद्या तिथीचा आग्रह धरून कारागिराला घाई लावू नये.

उभारणीला हलके समजू नये. 90 सेंटिमीटर उंच, 50 रुंद आणि 8 जाड शिळेचे वजन सुमारे 97 किलो भरते, आणि ती एखाद्या मुलाच्या अंगावर पडली तर काय होईल हे सांगायला नको. एकसंध शिळा जमिनीत रोवायची असेल तर तिच्या लांबीचा चौथा ते तिसरा हिस्सा मातीखाली जावा, आणि ती लांबी दगड मागवतानाच धरावी. पायावर उभी करायची असेल तर शिळा पायाशी जोडणारे आतले दांडे स्टेनलेस स्टीलचे किंवा कांस्याचे असावेत. साधे लोखंड गंजले की फुगते आणि दगडाला आतून फोडते.

पुढची देखभाल थोडी आहे. साधे पाणी आणि मऊ केसांचा ब्रश पुरतो. तारेचा ब्रश, आम्ल, ब्लीच आणि दाबाच्या पाण्याचा फवारा यांनी दहा वर्षांची झीज एका दुपारी होते. दगडफुलाचे ठिपके बहुधा निरुपद्रवी असतात, ते खरवडू नयेत. दगड कोणत्या खाणीतला होता याची नोंद, पूर्ण मापाचे रेखाटन आणि परवानगीचा कागद घरात एकत्र जपून ठेवावा, म्हणजे पुढे दुसरे नाव कोरायची वेळ आली तर त्याच वळणाची अक्षरे त्याच शिळेवर कोरता येतील, कोरणारा हात वेगळा असला तरी.