लॉबिस्टांच्या संघटनेचा इतिहास कसा शोधावा : सॅक्रामेंटोच्या उदाहरणाने

मराठी वृत्तपत्रांत 'लॉबी' हा शब्द रोज येतो. साखर लॉबी, बिल्डर लॉबी, तिकिटासाठी दिल्लीत चाललेले लॉबिंग असे त्याचे वापर आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की लॉबी म्हणजे एखादा हितसंबंधी गट किंवा पडद्यामागची खटपट, एवढाच अर्थ आपण गृहीत धरतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मात्र लॉबिस्ट हा अशिलाच्या वतीने, पैसे घेऊन, कायद्यांवर आणि सरकारी निर्णयांवर प्रभाव टाकण्याचे काम करणारा आणि नाव, पत्ता व छायाचित्र यांसह सरकारदरबारी नोंदलेला व्यावसायिक असतो. त्याला कोणी नेमले आणि किती पैसे दिले, याचा हिशेब दर तीन महिन्यांनी सादर होतो व तो कोणालाही वाचता येतो. वकिलांची किंवा सनदी लेखापालांची असते तशी या व्यावसायिकांचीही संघटना असते. कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो येथील अशा संघटनेचे नाव 'इन्स्टिट्यूट ऑफ गव्हर्नमेंटल ॲडव्होकेट्स' असे आहे. अशा संघटनेचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने, पत्रकाराने किंवा विद्यार्थ्याने कोणत्या क्रमाने आणि कोणती कागदपत्रे पाहावीत, हे येथे त्या उदाहरणाच्या आधारे सांगितले आहे.

पहिली सूचना अशी की, संघटनेने स्वतःविषयी लिहिलेल्या मजकुरापासून सुरुवात करू नये. स्मरणिका, वर्धापनदिनाची भाषणे आणि माजी अध्यक्षांच्या छायाचित्रांची रांग यांतून पदाधिकाऱ्यांची नावे मिळतात, पण संघटना का जन्मली हे क्वचितच कळते. एकच अशील मिळवण्यासाठी परस्परांविरुद्ध झगडणारी माणसे एका छताखाली येतात, तेव्हा त्या सर्वांना सारखीच झळ पोचवणारे काहीतरी बाहेर घडलेले असते, आणि ते बहुधा कायद्याच्या रूपाने घडलेले असते. म्हणून आधी कोऱ्या कागदावर त्या राज्यातील लॉबिंगविषयक कायद्यांची कालरेषा आखावी आणि संघटनेच्या हालचाली नंतर तिच्या शेजारी मांडाव्यात.

कॅलिफोर्नियाची रेषा १८७९ पासून सुरू करावी लागते. त्या वर्षीच्या राज्यघटनेने लाच, बक्षिसाचे आमिष, धाकदपटशा किंवा अन्य अप्रामाणिक मार्गाने आमदाराचे मत वळवण्याच्या कृत्यालाच 'लॉबिंग' हे नाव देऊन तो गंभीर गुन्हा ठरवला होता. सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीची राज्याच्या राजकारणावर घट्ट पकड असल्याचा तो काळ होता. हा तपशील लहान वाटला तरी तो वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावा, कारण पुढे या व्यवसायाने स्वतःसाठी 'ॲडव्होकेट' हा शब्द का पसंत केला, याचा एक धागा तेथे सापडतो. ज्या शब्दाला राज्यघटनेनेच गुन्ह्याचा अर्थ चिकटवला, तो शब्द संघटनेच्या पाटीवर कोण रंगवील? नावांतील असे बदल इतरत्रही तपासावेत. वॉशिंग्टनमधील 'अमेरिकन लीग ऑफ लॉबिस्ट्स' या संघटनेने २०१३ साली आपल्या नावातून लॉबिस्ट हा शब्द काढून टाकला. पाटी बदलते त्या वर्षी संघटनेच्या मनात काय चालले होते, हे जरूर विचारावे.

कालरेषेवर त्यानंतरची मोठी नोंद १९१० ची आहे. रेल्वेच्या वर्चस्वाविरुद्ध प्रचार करून हायरम जॉन्सन गव्हर्नर झाले आणि १९११ साली मतदारांना स्वतः कायद्याचा प्रस्ताव मांडून तो मतदानाने संमत करण्याचा हक्क मिळाला. हा हक्क पुढे लॉबिस्टांवरच चालवला गेला, म्हणून तो विसरू नये.

आर्टी सॅमिश या माणसावर मात्र मनसोक्त वेळ खर्च करावा. बिअर उत्पादकांसह अनेक उद्योगांसाठी काम करणारा हा गृहस्थ तीसच्या आणि चाळीसच्या दशकांत सॅक्रामेंटोत इतका वजनदार झाला होता की, आपल्या अशिलांच्या प्रश्नांवर त्याची सत्ता गव्हर्नरपेक्षा अधिक आहे, असे खुद्द गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी म्हटल्याची नोंद आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये 'कोलियर्स' या साप्ताहिकाने त्याच्यावर दोन भागांत लेख छापला. त्यातील एक छायाचित्र नीट न्याहाळावे. धिप्पाड सॅमिश खुर्चीत बसला आहे, त्याच्या मांडीवर बोलक्या बाहुल्यांच्या खेळातील एक बाहुली आहे, आणि ती बाहुली म्हणजे कॅलिफोर्नियाचे विधिमंडळ. ते चित्र कोणी चोरून काढलेले नव्हते, तर सॅमिशने आपण होऊन त्यासाठी बैठक दिली होती. असे साधन हाताळताना लेखाचा सारांश वाचून थांबू नये. मूळ अंक मिळवावा, पान पाहावे आणि ते छापून आल्यानंतरच्या सहा महिन्यांत काय झाले हे त्या वेळच्या वृत्तपत्रांत शोधावे. लेखाने उडालेल्या गदारोळानंतर विधिमंडळाला लॉबिस्टांच्या नोंदणीचा कायदा करावा लागला, आणि सॅमिश १९५३ साली प्राप्तिकर चुकवल्याबद्दल दोषी ठरून पुढे तुरुंगात गेला.

याच काळातील दुसरे एक साधन अभ्यासकाला एक वेगळाच धडा देते. एच. आर. फिलब्रिक या तपासनिसाने १९३८ साली विधिमंडळातील पैशाच्या वापराविषयी अहवाल तयार केला. तो राज्याच्या सिनेटच्या, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाच्या, कामकाजाच्या इतिवृत्तात छापला गेला आणि नंतर तेथून वगळण्यात आला. म्हणजे एखादा दस्तऐवज अधिकृत खंडात नाही, याचा अर्थ तो नव्हताच असा होत नाही. तो कधी काढला, कोणत्या ठरावाने काढला आणि त्याची प्रत कोणत्या ग्रंथालयात उरली, याचा शोध हाही इतिहासच असतो.

१९६६ च्या घटनादुरुस्तीने कॅलिफोर्नियाचे विधिमंडळ पूर्णवेळ झाले, ही नोंद थोडक्यात करून थेट १९७४ कडे यावे, कारण आपल्या विषयाचे मर्म तेथे आहे. वॉटरगेट प्रकरणाने देश ढवळून निघालेला असताना जून १९७४ मध्ये 'प्रस्ताव ९' मतदारांपुढे आला आणि सुमारे सत्तर टक्के मतांनी संमत झाला. 'कॉमन कॉज' आणि 'पीपल्स लॉबी' या नागरी संघटना आणि त्या वेळचे राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट (निवडणुका आणि नोंदण्या यांचे काम पाहणारे पदाधिकारी) जेरी ब्राउन हे त्यामागे होते. या कायद्याने पाच सदस्यांचे 'फेअर पोलिटिकल प्रॅक्टिसेस कमिशन' स्थापन केले, लॉबिस्टांवर तपशीलवार हिशेबाचे बंधन घातले, त्यांना निवडणूक देणग्या देण्यास मनाई केली आणि एका अधिकाऱ्यावर एका महिन्यात दहा डॉलरांपेक्षा अधिक खर्च करण्यास बंदी केली. दोन हॅम्बर्गर आणि एक कोक, एवढीच काय ती मुभा, असे ब्राउन यांनी तिचे वर्णन केले होते. त्या निवडणुकीची अधिकृत मतदार-पुस्तिका सॅन फ्रान्सिस्कोतील युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या विधी महाविद्यालयाने जतन केलेल्या संग्रहात वाचता येते. तिच्यात प्रस्तावाच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन्ही युक्तिवाद शेजारी-शेजारी छापलेले असतात. विरोधातला युक्तिवाद आधी वाचावा, असा माझा आग्रह आहे. ज्यांच्यावर बंधन येणार होते त्यांची भीती नेमकी कशाची होती, हे तेथे कळते.

आता न्यायालयाकडे वळावे. संघटनेच्या इतिहासाचा सर्वांत भरवशाचा कागद माझ्या मते न्यायालयाच्या निकालात असतो, कारण दावा दाखल करताना संघटनेला आपण कोण आहोत, आपले सभासद काय काम करतात आणि आपले नुकसान कसे होते, हे सर्व जबाबदारीने सांगावे लागते. प्रस्ताव ९ च्या तरतुदींना इन्स्टिट्यूटने आव्हान दिले आणि प्रकरण कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७९ च्या त्या निकालाच्या शीर्षकात कमिशनचे आणि लॉस एंजेलिसच्या सुपीरियर कोर्टाचे नाव ठळक दिसते, तर इन्स्टिट्यूटचे नाव 'खरे हितसंबंधी पक्ष' (ज्याच्याशी प्रत्यक्षात वाद आहे तो पक्ष) म्हणून खाली येते. केवळ शीर्षक पाहून शोधणाऱ्याच्या नजरेतून ते निसटते, म्हणून पक्षकारांची संपूर्ण यादी वाचण्याची सवय लावावी. न्यायालयाने दहा डॉलरांची मर्यादा उचलून धरली. देणग्यांवरची सरसकट बंदी मात्र रद्द केली, कारण ज्या उमेदवाराशी लॉबिस्टाचा कधी संबंधच येणार नाही त्यालाही देणगी देण्यापासून ती त्याला रोखत होती. निकाल वाचताना कोण जिंकले एवढ्यावर न थांबता, न्यायाधीशांनी कोणत्या शब्दांत बंदी 'अतिव्यापक' ठरवली ते वहीत उतरवून घ्यावे.

ते उतरवून घेण्याचा उपयोग एकवीस वर्षांनी दिसतो. नोव्हेंबर २००० मध्ये मतदारांनी 'प्रस्ताव ३४' संमत केला. त्याने देणग्यांवरची बंदी परत आणली, पण लॉबिस्ट ज्या विधिमंडळाकडे किंवा कार्यालयाकडे काम करण्यासाठी नोंदलेला आहे, तेथील पदाधिकारी आणि त्या पदांचे उमेदवार यांच्यापुरतीच ती आखली. इन्स्टिट्यूट पुन्हा न्यायालयात गेली, या वेळी केंद्रीय न्यायालयात, आणि २००१ साली हरली. १९७९ च्या निकालाने दाखवलेली उणीव या मसुद्यात भरून निघाली होती. दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की एक संघटना आणि एक कायदा पाव शतक एकमेकांना कसे घडवत गेले, ते कोणत्याही स्मरणिकेपेक्षा स्पष्ट दिसते. मधल्या काळात, ऑगस्ट १९८८ मध्ये, अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने (एफबीआय) लाचखोरी पकडण्यासाठी कोळंबी प्रक्रियेची बनावट कंपनी उभी करून लावलेला सापळा उघड झाला आणि विधानभवनातील कार्यालयांची झडती झाली. पुढच्या काही वर्षांत आमदारांबरोबर लॉबिस्टही दोषी ठरला. आजच्या नोंदणीकृत लॉबिस्टांना सक्तीचा असलेला आचारसंहितेचा अभ्यासक्रम या घडामोडीनंतरच्या सुधारणांच्या लाटेतून आलेला आहे.

यानंतर संस्थेचे स्वतःचे कागद. सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात संस्थेच्या नोंदणीचा मूळ लेख असतो. त्यावर स्थापनेची तारीख, उद्देश आणि पहिल्या संचालकांची नावे मिळतात. संघटनेच्या जन्मवर्षाबद्दल लेखांत आणि भाषणांत वेगवेगळे आकडे आढळले तर हा कागद निर्णायक मानावा. करमुक्त संस्थांना केंद्रीय प्राप्तिकर खात्याकडे दरवर्षी भरावा लागणारा '९९० क्रमांकाचा' अर्ज जनतेला पाहण्यासाठी खुला असतो. त्याच्या पहिल्याच पानावर स्थापनेच्या वर्षासाठी एक लहानसा रकाना आहे, जो घाईत नजरेआड होतो. त्याच अर्जात वर्गणीचे उत्पन्न, पदाधिकाऱ्यांची नावे आणि वकिलांवरचा खर्च सापडतो. एखाद्या वर्षी वकिलांचा खर्च एकदम चढला असेल, तर त्या वर्षी कोणता दावा चालू होता ते पाहावे.

सभासदांचा व्यवसाय समजून घेण्यासाठी राज्याच्या नोंदणी अर्जांचे क्रमांक पाठ असावेत. लॉबिंग करणाऱ्या फर्मची नोंदणी ६०१ या अर्जाने होते, लॉबिस्टाचे प्रमाणपत्र ६०४ ने मिळते, फर्मचा त्रैमासिक हिशेब ६२५ वर येतो आणि अशिलाचा ६३५ वर. फर्मने मिळाले म्हणून लिहिलेली रक्कम आणि अशिलाने दिली म्हणून लिहिलेली रक्कम ताडून पाहावी. जुन्या काळासाठी सेक्रेटरी ऑफ स्टेटने छापलेल्या लॉबिस्टांच्या निर्देशिका पाहाव्यात. दहा-दहा वर्षांच्या अंतराने त्यातील छायाचित्रांची पाने चाळली, तरी व्यवसायात स्त्रिया केव्हा आणि किती आल्या, हे एका दुपारी मोजता येते.

आठवणींकडे सर्वांत शेवटी जावे. कॅलिफोर्नियाच्या राज्य अभिलेखागारात १९८५ च्या कायद्याने सुरू झालेला मौखिक इतिहासाचा उपक्रम आहे, आणि त्यातील मुलाखती शब्दशः उतरवलेल्या आहेत. स्वतः मुलाखत घ्यायची असेल, तर प्रसंग नेमका धरून प्रश्न विचारावा. सप्टेंबर १९८७ मध्ये सॅक्रामेंटोतील फ्रँक फॅट्स या चिनी भोजनगृहात विधिमंडळातील विली ब्राउन आणि बिल लॉकियर या नेत्यांच्या पुढाकाराने वकील, डॉक्टर, विमा कंपन्या आणि उत्पादक यांच्या प्रतिनिधींनी नुकसानभरपाईच्या कायद्यावर तडजोड केली आणि तिचे मुद्दे कापडी रुमालावर लिहिले गेले. ही कथा त्या शहरात इतकी सांगितली जाते की प्रत्येकाला आपण त्या टेबलाशी होतो असे वाटू शकते. म्हणून "काय झाले?" असे विचारण्याऐवजी "आपण कोठे बसला होता, आपल्या शेजारी कोण होते, आणि विधेयक सभागृहात केव्हा मांडले गेले?" असे विचारावे, आणि उत्तरे विधेयकाच्या छापील तारखांशी जुळवावीत.

मराठीत लिहिताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. लॉबिस्टसाठी 'दलाल' हा शब्द वापरू नये. त्या शब्दाने निर्णय आधीच दिला जातो, आणि शिक्षक, रुग्णालये, शेतकरी, पर्यावरणवादी संस्था यांच्या वतीने काम करणारे लॉबिस्टही त्याच निर्देशिकेत नोंदलेले असतात हे वाचकापासून लपते. उलट 'जनसंपर्क अधिकारी' म्हटले तर पैशाचा भाग झाकला जातो. 'लॉबिस्ट' हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या वापरात त्याचा कायदेशीर अर्थ एका वाक्यात सांगावा.

हीच पद्धत महाराष्ट्रातील एखाद्या व्यापारी किंवा व्यावसायिक संघटनेला लावायची असेल, तर त्रैमासिक हिशेबांची ती श्रीमंती येथे मिळणार नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालील मूळ घटना, आणि संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील चेंज रिपोर्ट, यांवर भिस्त ठेवावी लागेल. विश्वस्त केव्हा बदलले आणि त्या बदलाला कोणी हरकत घेतली, हे त्या रिपोर्टांच्या फायलीतून कळते.

मुलाखतींचा शेवट मात्र सॅक्रामेंटोत एकाच प्रश्नाने करावा. दहा डॉलरांची ती मर्यादा १९७५ पासून आजतागायत तशीच आहे, आणि दरम्यान दोन हॅम्बर्गर आणि एक कोक यांची किंमत कोठल्या कोठे गेली आहे. व्यवसायात मुरलेल्या प्रत्येक लॉबिस्टाला विचारावे की, ही रक्कम वाढवून घेण्यासाठी आपल्या संघटनेने कधी प्रयत्न केला का, आणि केला नसेल तर का नाही. उत्तर देण्यापूर्वी तो किती वेळ थांबला, तेही टिपून ठेवावे.