आगरातल्या ओल्या सावलीत मोठा नेचा : मृग-आर्द्रातली कामं

पाटाच्या कडेला किंवा विहिरीशी पाणी सांडून बारमाही चिकचिक राहणारा एखादा कोपरा प्रत्येक आगरात, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेत, असतो. पोफळीची सावली दाट, त्यामुळे अळू सोडून तिथे काही लावायचं सुचत नाही. त्या जागी आपल्याच किनाऱ्यावरचा मोठा नेचा लावून बघा. शास्त्रीय नाव ॲक्रोस्टिकम ऑरियम. खाजणाच्या, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीच्या, कडेने पुरुषभर उंचीची, चामड्यासारख्या जाड पानांची जी बेटं दिसतात, तोच हा. खारं पाणी त्याला सोसतं, पण लागत नाही. गोड्या पाण्यावर उलट जोमाने येतो.

म्हणून कांदळवनात शिरून गड्डे उपटून आणू नका. खारफुटीची नासधूस करायला मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सरसकट मनाई केली आहे. कोणाच्या आगरात जुनं बेट असेल तर त्यातला फुटव्यासकट एक तुकडा मागून घ्या.

तोही मिळाला नाही तर बीजाणूंपासून रोपं होतात. वेळ लागतो, पण मजा त्यातच आहे. पानाच्या शेंड्याकडच्या पाती उलटून बघा: खालून गंजाच्या रंगाचं मखमल लावल्यासारखं दिसेल. अशी पात कागदात गुंडाळून दोन दिवस घरात ठेवा, कागदावर तपकिरी भुकटी पडते. ओल्या जांभ्याच्या तुकड्यावर ती शिंपडून वर काचेची बरणी पालथी घाला. काही आठवड्यांनी शेवाळासारखा हिरवा थर येतो. तो धुऊन टाकू नका! त्याच्यावरच पुढे बारीक पानं फुटतात, आणि त्यासाठी थर सतत ओला असावा लागतो.

गड्डा लावायचा तो मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर. कुजलेला पालापाचोळा नि थोडं शेणखत पुरे. दोन गड्ड्यांत चार-पाच फूट अंतर ठेवा, बेट पसरतं. मुळं चिखलात, पण कोंब चिखलाच्या वर. पहिल्या वर्षी मी कोंबासकट पुरले होते. गणपतीपर्यंत पाचातले तीन कुजले.

नव्या कोंबांवर गोगलगायी येतात, रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या. दिवाळीनंतर पाट आटला की नारळाची सोडणं पसरून बुंधा झाका आणि पाणी चालू ठेवा. पानांची टोकं करपायला लागली म्हणजे मुळाशी ओल राहिलेली नाही.