मुंबईत फ्लॅट बघायला जाताना काय बघाल, काय विचाराल?

जमलं तर घर भर पावसात बघा. आम्ही आमचं घर एप्रिलमध्ये पाहिलं. हॉलची पश्चिमेकडची भिंत नुकतीच रंगवलेली, अगदी गुळगुळीत होती. जूनअखेरीला तिच्यावर तळहाताएवढा डाग आला आणि गणपतीपर्यंत पोपडे हातात यायला लागले. तेव्हापासून कुणीही घर बघायला सोबत बोलावलं, की मी आधी भिंतीला हात लावते. उन्हाळ्यातच बघायचं असेल, तर एकच भिंत ताजी रंगवलेली का, हे सरळ विचारा.

आधी इमारतीला एक चक्कर मारा

एजंट थेट लिफ्टकडे नेईल. त्याला थांबवा आणि पार्किंगमध्ये चला. खांबांवर उभ्या भेगा, सुटलेलं प्लास्टर, आतून डोकावणारी गंजकी सळई दिसली, तर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. तीस वर्षांपुढच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनीअरकडून मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहे. ते झालं का एवढंच विचारून थांबू नका. शेवटचा रिपोर्ट कधीचा, त्यात कुठली दुरुस्ती सुचवली होती आणि ती झाली का, हे तिन्ही विचारा. मोठी दुरुस्ती तोंडावर असेल, तर तिची वर्गणी तुमच्याच खिशातून जाणार.

मग वॉचमनशी पाच मिनिटं बोला. पाणी किती वाजता येतं, किती वेळ असतं, टँकर मागवावा लागतो का, लिफ्ट कितीदा बंद पडते? हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे इथे पाणी तुंबतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तुमच्या गल्लीचं काय, हे तिथेच राहणारा सांगेल. एखादे जुने रहिवासी भेटले, तर २६ जुलै २००५ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते विचारा. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. लोक जिन्याची पायरी दाखवून सांगतात.

घरात शिरल्यावर

फर्निचर बघू नका, ते विकणाऱ्याबरोबर जाणार. भिंतीतली कपाटं उघडा आणि मागच्या फळीचा वास घ्या. ओल असेल तर कुबट वास लपत नाही. खिडकीखालचे कोपरे बघा. बाथरूमचं छत बघा, कारण सहसा वर वरच्यांचं बाथरूम असतं. लाद्यांवर बोटाने टकटक करा. पोकळ आवाज आला, तर खाली सिमेंट सुटलंय. बादलीभर पाणी ओता आणि ते जाळीकडे जातं की दाराकडे, ते पाहा. सगळे नळ एकदम सोडून धार बघा.

आणि खालच्या मजल्यावरची बेल वाजवा. हे करायला लोक संकोचतात, पण याच्याइतकी खरी माहिती कुठेच मिळत नाही. मैत्रिणीसाठी मुलुंडला घर बघताना मी खाली गेले, तर तिथल्या काकूंनी मला थेट स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर निळा टब ठेवलेला आणि वरून थेंब थेंब पाणी पडत होतं. “दोन वर्षं सांगतेय गं, कुणी लक्ष देत नाही,” म्हणाल्या. ते घर आम्ही सोडलं.

टेप जवळ ठेवा. भाव बिल्ट-अपवर, म्हणजे भिंती-बाल्कनी धरून सांगितला, तर कार्पेट, म्हणजे आतलं वापरायचं क्षेत्रफळ, किती ते विचारा आणि खोल्या स्वतः मोजा. रेराच्या, म्हणजे घरबांधणीवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या व्याख्येनुसार कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. बाल्कनी खोलीत घेतली असेल, तर मंजूर नकाशा मागा.

कागद

इथे घाई अजिबात नको. पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करारनामे सलग हवेत. मधला एक हरवला, तरी बँक कर्जाला अडते. शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला, कुणाच्या नावावर आहे ते बघा. मूळ मालक वारले असतील, तर नुसत्या नॉमिनीची सही पुरत नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सगळ्या वारसांची संमती लागते. घरावर कर्ज आहे का, मेंटेनन्सची थकबाकी किती, हे सोसायटीच्या सेक्रेटरींकडून लेखी घ्या.

ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, आहे का, हे नक्की विचारा. लोक तीस-तीस वर्षं ओसीशिवाय राहतात, पण तेवढ्याने तो मुद्दा किरकोळ ठरत नाही. पाण्याचं बिलही जादा दराने येतं. तसंच कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालंय का? झालं नसेल, तर जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर आहे आणि पुनर्विकासाची वेळ आली की तिथे गाडं अडतं. पुनर्विकासाची बोलणी चालू असतील, तर तोंडी आश्वासनावर जाऊ नका, सर्वसाधारण सभेचा ठराव बघायला मागा.

पार्किंग ‘सोबत मिळेल’ म्हणाले, तर सोसायटीचं वाटपपत्र मागा. उघडं पार्किंग बिल्डर वेगळं विकू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्येच सांगितलंय.

घर पागडीचं, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या जुन्या भाडेपद्धतीचं असेल, तर तुम्ही मालकी नाही, भाडेकरूचे हक्क घेताय. त्याला वेगळा वकील आणि वेगळा हिशेब लागतो.

वरचा खर्च

मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ५. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आयकर) कापून तुम्हीच सरकारकडे भरायचा. घर तुमच्या नावावर करून देण्याचा ट्रान्सफर प्रीमियम सोसायटी २५,००० रुपयांच्या वर मागू शकत नाही. ‘डोनेशन’ म्हणून जास्त मागितलं, तर लेखी मागा.

टोकन देण्याआधी पुन्हा एकदा जा, या वेळी एजंटशिवाय आणि कामाच्या दिवशी, संध्याकाळी सातला. स्टेशनवर उतरा, फलाटावरून घड्याळ लावा आणि त्या गर्दीतून दारापर्यंत चालत जा.