साथ चालू असताना परदेशात जावंच लागलं तर: आधी परत कसं यायचं ते ठरवा

साथीच्या काळात परदेशात जायचं म्हटलं की सगळे पहिल्यांदा विचारतात, 'तिकडे एंट्री मिळतेय का?' त्याच्या आधी हे विचारा की मी तिकडे असताना सगळं बंद झालं तर मी कुठे राहणार, किती दिवस, कोणाच्या पैशाने, आणि परत कसा येणार. याचं उत्तर देता येत असेल तर पुढचं वाचा. देता येत नसेल आणि काम थांबण्यासारखं असेल तर ट्रिप पुढे ढकला. घरचं कोणी आजारी असतं, अॅडमिशन असते, नोकरीचं जॉइनिंग असतं, ही कामं थांबत नाहीत हे मान्य, हे सगळं त्यांच्यासाठीच लिहितोय.

बॉर्डर किती पटकन बंद होते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. १५ मार्च २०२० ला पेरूने बॉर्डर बंद करायचं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी रात्री ती बंद झालीसुद्धा, कुस्कोला फिरायला गेलेले परदेशी लोक कित्येक आठवडे तिथेच अडकले. २६ नोव्हेंबर २०२१ चं उदाहरण तर अजून बोलकं आहे. कोविडच्या ओमिक्रॉन या नव्या प्रकाराची बातमी येऊन जेमतेम एक-दोन दिवस झाले होते, दक्षिण आफ्रिकेहून निघालेली दोन विमानं हवेत असतानाच नेदरलँड्सने नियम बदलले, आणि अॅमस्टरडॅमला उतरलेल्या सुमारे ६०० प्रवाशांना तासन्‌तास थांबवून ठेवलं, त्यातले ६१ पॉझिटिव्ह निघाले. म्हणजे बोर्डिंग करताना जो नियम होता तो उतरताना राहीलच असं नाही. आणि आपण त्या देशाचे नागरिक आहोत म्हणजे आपल्याला कोणी अडवणार नाही, यावरही फार विसंबू नका. मे २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने भारतातून परतणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांना सुमारे दोन आठवडे येऊ दिलं नव्हतं, वर ती बंदी मोडल्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद होती.

अजून एक गैरसमज आहे. डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, आणीबाणी जाहीर केली म्हणजे बॉर्डर बंद होतात असं नाही, आणि डब्ल्यूएचओ 'बॉर्डर बंद करू नका' म्हणाली म्हणून त्या उघड्या राहतात असंही नाही. ३० जानेवारी २०२० ला आणीबाणी जाहीर करताना त्यांनी प्रवासावर निर्बंध घालायची शिफारस केली नव्हती, आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेने चीनमधून येणाऱ्यांवर निर्बंध घातले. निर्णय प्रत्येक देश स्वतः घेतो. त्यामुळे एकच वेबसाइट बघून सुटका नाही.

किमान तीन ठिकाणचे नियम वाचायचे. जिथे जायचंय तिथले, जिथे विमान बदलायचंय तिथले, आणि परत येताना आपल्याच देशाचे. मधला देश लोक हमखास विसरतात. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, सगळा प्रवास असेल आणि बॅग शेवटपर्यंत चेक-इन असेल तर बऱ्याच ठिकाणी ट्रान्झिट एरियातच बसून पुढचं विमान पकडता येतं, पण स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली की बॅग घ्यायला इमिग्रेशनमधून बाहेर यावं लागतं, आणि बाहेर यायचं म्हणजे त्या देशात एंट्री घेणं झालं, तिथली टेस्ट, तिथला व्हिसा, तिथलं क्वारंटाइन सगळं लागू. साथीच्या काळात तुकड्यातुकड्यातली तिकिटं काढूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. पहिलं विमान रद्द झालं तर दुसऱ्या एअरलाइनचा तुमच्याशी काही संबंध नसतो.

नियम वाचताना बातमी किंवा भाषण ऐकून निर्णय घेऊ नका, मूळ आदेश वाचा. ११ मार्च २०२० ला रात्री ट्रम्प यांनी युरोपातून येणाऱ्यांवर बंदी जाहीर केली, आणि युरोपात असलेल्या अमेरिकन लोकांनी घाबरून मिळेल त्या भावात तिकिटं घेऊन एअरपोर्टवर गर्दी केली, आदेशात मात्र नागरिक आणि कायमस्वरूपी रहिवाशांना सूट होती. आदेशात तीन गोष्टी शोधा: कधीपासून लागू, कोणाला सूट, आणि मोजतात कसं, म्हणजे तुमचा पासपोर्ट बघतात की गेल्या १४ दिवसांत तुम्ही कुठे होता ते बघतात. तिथे तुम्ही नुसतं विमान बदललं असेल तर ते धरतात का, हेही त्यातच सापडतं.

आणि विमानात बसू द्यायचं की नाही हे आधी ठरतं चेक-इन काउंटरवर. तिथला स्टाफ बहुतेक वेळा आयाटा या एअरलाइन्सच्या जागतिक संघटनेच्या टायमॅटिक नावाच्या डेटाबेसमध्ये तुमचा पासपोर्ट, कुठून कुठे जाताय आणि कागद टाकून बघतो. चुकीचा प्रवासी नेला तर एअरलाइनला दंड बसू शकतो आणि त्याला परतही आणावं लागतं, म्हणून शंका आली की ते सरळ नाही म्हणतात. बऱ्याच एअरलाइन्सच्या साइटवर हीच माहिती प्रवाशांनाही बघता येते. निघायच्या एक आठवडा आधी, दोन दिवस आधी आणि घरातून निघताना, असं तीनदा बघा आणि तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा. सूट मिळवून जात असाल तर त्या नियमाचं पान प्रिंट करून न्या, काउंटरवर वाद घालण्यापेक्षा कागद पुढे केलेला बरा.

आता टेस्ट. '७२ तासांच्या आतला रिपोर्ट' एवढं वाचून लोक लॅबमध्ये जातात आणि इथेच सगळ्यात जास्त गडबड होते, कारण ७२ तास कुठून कुठपर्यंत ते प्रत्येक देश वेगळं मोजतो. समजा विमान शनिवारी रात्री १० ला आहे आणि मधला थांबा धरून तुम्ही १४ तासांनी, म्हणजे घरच्या घड्याळाप्रमाणे रविवारी दुपारी १२ ला पोचताय. स्वॅब गुरुवारी सकाळी ९ ला दिला. निघण्यापर्यंत मोजलं तर ६१ तास झाले, चालेल. पोचण्यापर्यंत मोजलं तर ७५ झाले, म्हणजे रिपोर्ट बाद. तोच स्वॅब गुरुवारी संध्याकाळी ६ ला दिला असता तर पोचेपर्यंत ६६ तास झाले असते, विमान चार-पाच तास लेट झालं तरी निभावलं असतं. त्यामुळे नियमात बघा की स्वॅब घेतल्याची वेळ धरतात की रिपोर्टची, पहिलं विमान धरतात की शेवटचं, आणि लॅबकडून रिपोर्टवर स्वॅबची तारीखच नाही तर वेळही छापून घ्या. आरटी-पीसीआर मागितली असेल तर अँटिजेन चालत नाही. नुकताच आजार होऊन गेला असेल तर पीसीआर बरे झाल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, अशांनी बरे झाल्याचं सर्टिफिकेट चालतं का ते आधी विचारून ठेवावं.

नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर हे टेस्ट रिपोर्ट, लसीचं सर्टिफिकेट आणि तिकीट या तिन्हीवर पासपोर्टप्रमाणेच हवं. मधलं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, लग्नाआधीचं आडनाव एकावर आणि नंतरचं दुसऱ्यावर, असल्या बारीक फरकावरून अडवतात. दुरुस्ती घरी असतानाच करून घ्या. सगळ्याच्या कागदी कॉप्या ठेवा, कारण मोबाईल बंद पडतो आणि एअरपोर्टच्या वायफायवर अॅप उघडेलच असं नाही. आणि हो, नव्या साथीच्या धांदलीत जुने नियम संपत नाहीत, पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचं पिवळं कार्ड मागणारे देश ते मागतातच. तो डोस घेतल्यावर १० दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, पण ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं.

क्वारंटाइनचा खर्च बहुतेक ठिकाणी प्रवाशाच्याच माथी येतो. कोविडमध्ये अनेक देशांत १४ दिवस होतं, हाँगकाँगमध्ये एका टप्प्यावर २१ दिवस. तेवढे दिवस हॉटेलच्या एका खोलीत काढायचा खर्च हिशोबात धरूनच निघा, आणि वेगळ्या बँकांची दोन कार्डं ठेवा. रोजच्या गोळ्या ठरलेल्या मुक्कामापेक्षा किमान महिनाभर जास्तीच्या, डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनसकट, औषधाचं मूळ नाव लिहून घेऊन, आणि हँडबॅगमध्ये. क्रूझ मात्र सरळ टाळा. फेब्रुवारी २०२० मध्ये डायमंड प्रिन्सेस ही क्रूझ जपानमध्ये योकोहामाला अडकली तेव्हा तिच्यावर सुमारे ३,७०० लोक होते आणि त्यातल्या ७०० हून जास्त जणांना लागण झाली, जहाजावरून स्वतःच्या मर्जीने उतरता येत नाही.

इन्शुरन्सच्या पॉलिसीत दोन ओळी शोधा. एक, साथ वगळलीये का, कारण बऱ्याच जुन्या पॉलिसींमध्ये ती वगळलेली असते, आणि साथ जगजाहीर झाल्यावर घेतलेल्या पॉलिसीत 'आधीच माहीत असलेली घटना' म्हणून क्लेम नाकारतात. दुसरी, सरकारने 'जाऊ नका' असं सांगितलेल्या देशात गेलात तर कव्हर राहतं का. १९ मार्च २०२० ला अमेरिकेने तर सगळ्या जगासाठीच सर्वोच्च पातळीचा इशारा दिला होता, तेव्हा ही ओळ किती महागात पडू शकते बघा.

आता सुरक्षेचं. साथीत सगळ्यात जोरात धंदा चालतो तो फसवणाऱ्यांचा. खोटे निगेटिव्ह रिपोर्ट विकणाऱ्या टोळ्यांबद्दल युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये इशारा दिला होता, त्याआधी पॅरिसच्या शार्ल द गॉल एअरपोर्टवर अशी टोळी पकडलीही होती. असा कागद घेणं हा गुन्हा आहे, शिवाय तुम्ही खरंच आजारी असाल तर अख्ख्या विमानातल्या लोकांशी खेळ आहे. व्हिसा, क्वारंटाइन बुकिंग, एअरलाइनचं कस्टमर केअर या नावाने खोट्या साइट आणि नंबर फिरतात. सर्चमध्ये जाहिरात म्हणून वर आलेल्या लिंकवर जाऊ नका, दूतावासाच्या साइटवरून पुढची लिंक घ्या. एअरलाइनचा नंबर तिकिटावरून घ्या, सोशल मीडियावर तक्रार टाकल्यावर 'रिफंड देतो' म्हणून मेसेज करणाऱ्याला ओटीपी किंवा कार्डचा नंबर देऊ नका. बोर्डिंग पासचा किंवा लसीच्या सर्टिफिकेटचा फोटो क्यूआर कोडसकट टाकायचा नाही, त्यात तुमची बरीच माहिती असते.

रस्त्यावरची परिस्थितीही बदलते. कर्फ्यू कधीपासून कधीपर्यंत आहे आणि एअरपोर्टला जायला पास लागतो का, नुसतं तिकीट दाखवून भागतं का, हे हॉटेलला विचारून ठेवा, कारण पहाटेच्या विमानाला रात्रीच निघावं लागतं. दुकानं बंद, रस्ते ओस, अशा वेळी पासपोर्ट आणि रोकड घेऊन एकट्याने फिरू नका. साथ ज्या भागातून आली म्हणतात तिथल्यासारखा चेहरा असलेल्यांवर राग निघतो, २०२० मध्ये आशियाई वंशाच्या लोकांना अनेक देशांत शिवीगाळ आणि मारहाण झाली. असं काही घडायला लागलं तर उत्तर देत उभे राहू नका, तिथून निघा, मग पोलीस आणि दूतावास दोघांनाही कळवा.

पोचल्या दिवशीच आपल्या दूतावासात नाव नोंदवा, स्पेशल विमानं निघाली तर यादी तिथूनच बनते. ही विमानं फुकट असतीलच असं समजू नका. दुहेरी नागरिकत्व असेल आणि तुम्ही त्यातल्याच एका देशात असाल तर दुसऱ्या देशाच्या दूतावासाला फारसं काही करता येत नाही.

बॉर्डर बंद होणार अशी घोषणा झाली तर: मूळ आदेशातली वेळ आणि टाइम झोन बघा. लगेच एअरलाइनच्या अॅपवरून तारीख बदला, फोनवर ताटकळत बसू नका. थेट विमान नसेल तर मधला देश उघडा आहे का ते आधी बघा, नाहीतर तिथेच अडकाल. 'रात्री गाडीने पलीकडे सोडतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का नसणं म्हणजे पुढची कित्येक वर्षं डोकेदुखी. निघणं शक्यच नसेल तर राहायची जागा त्याच दिवशी पुढच्या महिन्यासाठी पक्की करा, आणि व्हिसा संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज टाका. कोविडमध्ये काही देशांनी मुदत आपोआप वाढवली होती, पण ते लेखी दिसेपर्यंत आपोआप धरायचं नाही. ऑफिस बंद असेल तर ईमेल करा आणि पाठवल्याची नोंद ठेवा, उद्या ओव्हरस्टेचा दंड मागितला तर दाखवायला तेवढंच असतं.

परत आल्यावर सगळे बोर्डिंग पास, सीट नंबर, टेस्ट रिपोर्ट, हॉटेलची बिलं आणि विमान रद्द झाल्याचे ईमेल एका फोल्डरमध्ये ठेवा. तुमच्या आसपास बसलेलं कोणी पॉझिटिव्ह निघालं तर आरोग्य खातं सीट नंबरच विचारतं, आणि इन्शुरन्सच्या क्लेमला मुदत असते, ती परतल्याच्या तारखेपासून मोजतात की घटनेच्या, ते पॉलिसीत बघून ठेवा.