एसएमपीएस किती वॉटचा घ्यायचा? आधी हिशेब, मग बाजार

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा, घ्यायला निघण्याआधी घरीच कागद-पेन घेऊन बसा. दुकानात पहिला प्रश्न येतो, "कितने वॉट का दूँ?" उत्तर तयार नसलं की गरज नसताना ७५० वॉटचा गळ्यात पडतो, नाहीतर कॅबिनेटसोबतचा फुकटचा.

हिशेबात खरं वजन प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डाचं. प्रोसेसरचा ६५ वॉट हा आकडा फसवा आहे. इंटेल आय५-१३४०० ची सुरुवात ६५ पासून होते, पण टर्बोत, म्हणजे काम वाढल्यावर वेग वाढवताना, तो १४८ वॉटपर्यंत चढतो. रायझन ५ ७६०० चे ६५ चे ८८ होतात. नेहमी वरचा आकडा धरा.

आय५-१३४०० चे १४८, आरटीएक्स ४०६० चे ११५, मदरबोर्डचे ४०, रॅमच्या दोन काड्यांचे १०, एनव्हीएमई एसएसडीचे ७, हार्डडिस्कचे ८, चार पंख्यांचे १२. एकूण ३४०. ग्राफिक कार्ड काही मिलिसेकंद आपल्या आकड्याच्या बरंच वर उसळतं, म्हणून १.४ ने गुणा: ४७६. म्हणजे ५५० वॉटचा चांगला एसएमपीएस पुरे. पुढे २०० वॉटचं आरटीएक्स ४०७० टाकायचा विचार असेल तर हाच हिशेब ५९५ वर जातो, तेव्हा ६५० घ्या.

आता स्टिकर, आणि इथे घाई नको. मोठ्या अक्षरातला वॉट सोडा, +१२ व्होल्टचा रकाना शोधा आणि तिथले अँपिअर १२ ने गुणा. ४५० लिहिलेल्या डब्यावर १८ अँपिअर असतील तर कामाचे २१६ वॉटच मिळतात, उरलेले ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवलेले, जे आजच्या कॉम्प्युटरला फारसे लागतच नाहीत. ५५० च्या चांगल्या एसएमपीएसवर ४५ अँपिअरच्या आसपास दिसतात. हा रकानाच नसेल तर डबा परत ठेवा.

एसएमपीएस कमी पडला तर गेम रंगात आला की निळा स्क्रीनही न येता मशीन एकदम बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं. ग्राफिक कार्डाची ८ पिनची वायर थेट एसएमपीएसमधूनच आणा. मोलेक्सचे (जुन्या चार पिनच्या जोडणीचे) स्वस्त अडॅप्टर तापून वितळतात. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीखालच्या खोलीत कॅबिनेट आणखी तापतं, म्हणून ४० किंवा ५० अंशांवर पूर्ण वॉट देणारा मॉडेल निवडा. काहींचा आकडा २५ अंशांचाच असतो.

यूपीएसचा हिशेब भिंतीकडून होतो. ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर ३४० वॉटसाठी सॉकेटमधून ४०० ओढले जातात, मॉनिटरचे ३० वेगळे. ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसचं माप) यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, त्यामुळे पूर्ण लोडवर लाइट गेली की तोही बसतो. ११०० व्हीए घ्या, आणि दुकानातून निघण्याआधी त्याच्या खोक्यावर वॉट किती लिहिलेत ते बघा.