मातीतून निघालेली धातूची वस्तू किती जुनी? घासायच्या आधी हे बघा

डिटेक्टर वाजला, खणलं, काहीतरी हाताला लागलं की पहिली खाज येते ती घासायची. थांबा जरा. मी एकदा तांब्याचं नाणं लिंबू-मीठ लावून चकाचक केलं आणि थरासोबत अक्षरंपण गेली, आता ती नुसती गुळगुळीत चकती आहे. साध्या पाण्याने माती मऊ करा, मऊ ब्रशने हलकेच काढा, बस. लोखंड असेल तर पाणीही नको, कोरडंच झटका.

आधी धातू ओळखा. चुंबक चिकटला तर बहुतेक लोखंड नाहीतर पोलाद (निकेलपण चिकटतं, आणि वरून पितळेचा मुलामा असलेलं लोखंडही, तिथे फसायला होतं). नाही चिकटला तर रंग बघा. हिरवा थर म्हणजे तांबं, पितळ किंवा कांसं, काळवंडलेली असेल तर चांदी असू शकते, पांढुरका थर आणि हाताला जड म्हणजे शिसं, पांढुरका पण हलकं तर ॲल्युमिनियम. तरी शंका असेल तर वस्तूचं वजन ग्रॅममध्ये घ्या, दोऱ्याने काठोकाठ भरलेल्या पाण्यात बुडवा, सांडलेलं पाणी मिलिलिटरमध्ये मोजा आणि वजनाला त्याने भागा: शिसं 11.3, चांदी 10.5, पितळ साधारण 8.5, ॲल्युमिनियम 2.7.

आता वय. गंज किती जाड यावरून वय अजिबात ठरवू नका, खारट किंवा आम्लयुक्त मातीत दहा-वीस वर्षांतही वस्तू पार खाऊन जाते. मला एक हिरवीगार पितळी कडी मिळाली होती, दीडशे वर्षांची तरी असेल असं समजून दोन दिवस हवेत होतो, माती निघाली तर कोपऱ्यात अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू! हे स्क्रू 1930च्या दशकात बाजारात आले. म्हणजे वस्तूवर जी सगळ्यात नवीन खूण असेल, तिच्या आधीची ती वस्तू असूच शकत नाही.

अशा खुणा बऱ्याच आहेत. खिळा बोटांत फिरवून बघा: चारही बाजूंनी निमुळता आणि डोक्यावर हातोड्याचे ठोके म्हणजे हाताने घडवलेला, दोनच बाजू निमुळत्या असतील तर पत्र्यातून मशीनने कापलेला, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीनंतरचा, आणि गोल तारेचा असेल तर बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा किंवा नंतरचा. हाताने घडवलेले मात्र पुढेही बनत राहिले, त्यामुळे नुसत्या तेवढ्यावर जाऊ नका. ॲल्युमिनियम स्वस्त करणारी पद्धत 1886ची, बाटलीच्या दातेरी बुचाचं पेटंट 1892चं, कॅनची ओढून काढायची रिंग 1960च्या दशकातली. इंग्रजीत ‘मेड इन’ आणि देशाचं नाव कोरलेलं असेल तर बहुतेक 1891 नंतरची, कारण अमेरिकेने तेव्हापासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं.

आणि जड, गंजलेला, नळकांड्यासारखा किंवा गोल तुकडा दिसला तर चुंबक वगैरे काही लावू नका, उचलूपण नका, तोफगोळा असू शकतो आणि जुनी दारू अजून जिवंत असते. जागा लक्षात ठेवा, लांब जा, पोलिसांना फोन करा.