अलास्काची बॅग जळगावात भरताना या चुका टाळा

खान्देशातून अलास्काच्या क्रूझला जाणारी बरीच मंडळी एकाच वाटेनं जातात. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत सिएटलला नोकरीला, आई-आप्पा उन्हाळ्यात काही महिने तिकडे, आणि मुलांनी आधीच बुक करून ठेवलेली आठवडाभराची बोट. अलास्काचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. म्हणजे बॅग भरायची ती एप्रिल-मेमध्ये, जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला टेकलेला असताना. कूलरसमोर बसून थंडीचा अंदाज बांधायचा म्हटल्यावर कोणी घरातली झाडून सगळी लोकर बॅगेत कोंबतो, तर कोणी ‘तिकडेही उन्हाळाच चालू आहे’ म्हणत एक स्वेटर टाकून मोकळा होतो.

दोघंही थंडी पाऱ्यावर मोजतात. आपली थंडी कोरडी. जानेवारीत पारा ८-१० वर उतरला की शेकोट्या पेटतात, ‘काय थंडी शे भो!’ होतं, आणि ऊन वर आलं की स्वेटर खुंटीला. अलास्काच्या किनाऱ्यावर जुलैतल्या दुपारी १७-१८ अंश असतात, म्हणजे आकड्यात आपल्या पहाटेपेक्षा गरमच. पण ती हवा ओली असते आणि सतत वाहती. केचिकन या बंदरावर वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जळगावच्या जवळपास पाचपट. शिवाय बोट स्वतः चालत असते. हिमनदीजवळ हवा ५ अंशांवर आली आणि समोरून ताशी ३७ किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या चेहऱ्याला ती शून्याच्या आसपासची वाटते. तेव्हा ही बॅग पाणी आणि वारा डोळ्यांसमोर ठेवून भरायची. थंडीचा बंदोबस्त त्यातच होतो.

जाड स्वेटरवर भरवसा

हिवाळ्यात रस्त्याकडेला तिबेटी स्वेटरवाले बसतात, त्यांच्याकडून घेतलेला जाडजूड स्वेटर घरात उत्तम. डेकवर मात्र वारा त्याच्या विणीतून आरपार जातो, आणि भिजला की तो दोन दिवस वाळत नाही. बोटीवर दोरी बांधायला अंगण नसतं.

त्याऐवजी तीन थर. अंगाला चिकटून थर्मल इनर, लोकरीचं किंवा सिंथेटिक. त्यावर हलकं फ्लीसचं, म्हणजे मऊ लवदार सिंथेटिक कापडाचं, जॅकेट. सगळ्यात वर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं, टोपीवालं जर्किन, जे आतले दोन थर घातल्यावरही सैल बसेल. गरम वाटलं की एक थर काढायचा, गार वाटलं की चढवायचा. जेवणाच्या हॉलमध्ये, लिफ्टमध्ये, नाटक-गाण्याच्या थिएटरात साध्या शर्टाचं तापमान असतं. एकच जाड कोट असला की आत घामाघूम आणि बाहेर त्याच घामानं गारठा.

कापसाच्या मुलखात राहून हे लिहिणं जिवावर येतं, पण सर्वांत आतला थर सुती नको. सुती बनियन, बंडी, सुती मोजे घाम पितात आणि धरून ठेवतात. आपल्या उन्हाळ्यात तोच त्यांचा गुण. ओल्या वाऱ्यात तेच कापड अंगाची ऊब ओढून घेतं. आप्पांची बंडी केबिनमध्ये झोपताना चालेल, व्हेल बघायला जाताना नाही. जीन्सचंही तसंच. भिजलेली जीन्स जड होते आणि दिवसभर पायाला गार चिकटून राहते.

मे महिन्यात आपल्या बाजारात थर्मल शोधत फिरू नका. दिवाळी ते संक्रांत हा त्याचा हंगाम, तेव्हाच घ्या आणि थंडी असतानाच घालून बघा. मे महिन्यात कोणी ते अंगाला लावूनही बघत नाही, आणि माप चुकलंय हे बोटीवर कळतं. जर्किन मात्र मुलाकडे पोचल्यावर घेतलेलं बरं. सिएटल हे पावसाचं आणि डोंगर चढणाऱ्यांचं शहर, तिथं अशा कपड्यांची दुकानं भरपूर. बॅगेतली जागाही वाचते.

मोटारसायकलचा रेनकोट आणि छत्री

छत्री घरीच ठेवा. बंदरावरच्या वाऱ्यात ती दोन मिनिटांत उलटी होते. मोटारसायकलवर घालायचा प्लास्टिकचा रेनकोट पाऊस अडवतो, पण आतला घाम बाहेर सोडत नाही. तासाभरात आतून ओले. नवं जर्किन खरंच पाणी अडवतं का हे मुलाकडेच शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहून तपासा. शिवणीतून पाणी आलं तर ते बदलायला अजून वेळ असतो. पँटवरून चढवायची पातळ वॉटरप्रूफ पँट बहुतेक जण विसरतात, आणि होडीतून व्हेल बघायला जाताना नेमकी मांडीच भिजते.

साडीबद्दल. ज्यांना आयुष्यभर साडीचीच सवय आहे त्यांना ‘जीन्स घाला’ म्हणणं सोपं असतं. पण ओला काठ आणि ओला सुती परकर घेऊन बोटीचा उतरता जिना उतरणं धोक्याचं आहे, हे घरातल्यांनी आईशी आधीच बोलावं. बंदरावर उतरायच्या दिवशी थर्मल लेगिंगवर सलवार-कमीज किंवा ट्रॅकपँट. बोटीवर एक-दोन संध्याकाळी नटून जेवायला जायची पद्धत असते, तेव्हा पैठणी काढा. त्या हॉलमध्ये तिच्यापुढे बाकीचे सूट-गाऊन फिके पडतात.

बूट

एका जोडीवर जास्त पैसे घालायचे असतील तर ते इथं घाला. घोट्यापर्यंत येणारे, वॉटरप्रूफ, खाली चांगली पकड असलेले बूट. ते निघायच्या आदल्या दिवशी घेऊ नका. महिनाभर आधी घेऊन सकाळच्या फेरीला घालून रुळवा, नाहीतर पहिल्याच बंदरावर टाचेला फोड येतो. माप लोकरी मोजा घालूनच बघा. पाय गार पडतात म्हणून घट्ट बुटात दोन-दोन मोजे चढवणं ही फार जुनी चूक आहे. रक्त खेळत नाही आणि बोटं आणखी गारठतात. एक जाड लोकरी मोजा आणि आत बोटं हलतील एवढी जागा, बस.

शेतकऱ्यांसाठी एक खास गोष्ट. शेतात घातलेले बूट तसेच नेऊ नका. तळव्याच्या खाचांतली माती, लेसमध्ये आणि मोज्यात अडकलेली कुसळं, गोखरू सगळं ब्रशनं घासून काढा. अमेरिकेत उतरताना शेतावर, गुराढोरांजवळ गेला होतात का हे विचारतात, आणि मातीचे बूट त्यांना अजिबात चालत नाहीत. विचारलं तर खरं सांगा. स्वच्छ बूट असले की तपासणी लवकर उरकते.

कॅनडाचा कागद

हा कपड्यांचा विषय नाही, पण सगळी बॅग व्यर्थ जाऊ शकते ती यामुळे. सिएटलहून निघालेली मोठी क्रूझ वाटेत कॅनडाच्या बंदरावर, बहुतेक वेळा व्हिक्टोरियाला, थांबते. हौस म्हणून नाही. परदेशी नोंदणीच्या बोटीनं एका अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन परदेशी बंदर न करता अमेरिकेतच उतरवू नयेत, असा १८८६ चा कायदा आहे. त्या थांब्यासाठी भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा व्हिसा लागतो. मुलाकडे ग्रीन कार्ड किंवा तिकडचा पासपोर्ट असला तर त्याला तो लागत नाही, म्हणून बुकिंग करताना त्याच्या डोक्यातच येत नाही. आई-आप्पांना मात्र लागतो, आणि तो मिळायला वेळ जातो. अमेरिकेचा व्हिसाही एकाहून अधिक वेळा प्रवेशाचा आहे ना, ते बघा, कारण बोट परत येते तेव्हा तुम्ही पुन्हा अमेरिकेत शिरत असता.

ठेचा, भाकरी आणि इस्त्री

सात दिवस शेवभाजीशिवाय कसे काढायचे हा प्रश्न खरा आहे. पण बहुतेक क्रूझ कंपन्या घरी केलेलं अन्न बोटीवर चढू देत नाहीत. कळण्याच्या भाकरी, डब्यातला ठेचा, घरचे लाडू दारावरच अडतात. कारखान्यात सीलबंद केलेली पाकिटं चालतात: केळीचे वेफर्स, शेव, चिवडा. घरातून निघताना पिशवीत टाकलेली केळी विमानातच संपवा. ताजी फळं आणि बियाणं अमेरिकेत नेता येत नाही. बोटीवरचं फळ खिशात घालून बंदरावर उतरणंही अनेक ठिकाणी दंडाचं काम आहे. काळा मसाला मुलाकडे न्यायचा तर तो मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असली की अमेरिकेच्या विमानाआधी तिची वेगळी तपासणी होते. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. बोटीवर चढल्यावर सांगितलं तर रोज पास्ता-सॅलडवर भागवावं लागतं.

इस्त्री, पाण्याची किटली, पाण्यात बुडवायचा रॉड, साधा एक्स्टेन्शन बोर्ड यांपैकी काहीही बॅगेत टाकू नका. आगीच्या भीतीनं ही सगळी बंदी असते. आपली पिन तिकडच्या सॉकेटात बसत नाही, त्यामुळे अ‍ॅडॉप्टर हवाच. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेत.

अलास्कातल्या स्कॅग्वे बंदरावर उतरलात तर एक गंमत लक्षात ठेवा. कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यामागे १८९८ मध्ये हजारो लोक याच वाटेनं डोंगर चढले, आणि वर्षभराचं सामान बरोबर असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस त्यांना पुढे सोडत नसत. माणशी जवळपास एक टन. ते सोनं आणायला चालले होते. आपण जळगावसारख्या सुवर्णनगरीतून जाताना पाटल्या-गोठ घरी ठेवलेलेच बरे.

छोट्या गोष्टी ज्या राहून जातात

दुर्बीण, आणि घरात एक नव्हे, निदान दोघांत एक. हिमनदीसमोर बोट तासभर थांबते, त्यात सगळ्यांनी पाळीपाळीनं बघायचं म्हटलं तर बर्फ कोसळतो तेव्हा दुर्बीण दुसऱ्याच्या हातात असते. कानटोपी, हातमोजे, मफलर. काळा चष्मा आणि सनस्क्रीन, कारण बर्फावरून परतणारा उजेड डोळ्यांना आणि चेहऱ्याला लागतो. खोबरेल तेल केबिनमध्येही थिजतं; ओठांना आणि टाचांना व्हॅसलीन न्या. केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी पत्र्याच्या असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे चार हुक नेले की ओलं जर्किन टांगायची सोय होते. रोजची औषधं मूळ पट्टीतच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त. बोट लागण्याची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः रक्तदाबाची औषधं चालू असतील तर. ती उलटी सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते.

आणि तरीही अडलंच तर

*थंडी जातच नाही.* आणखी एक स्वेटर चढवायच्या आधी आतला थर चाचपून बघा. तो दमट असेल तर आत जाऊन बदला. वरून कितीही घातलं तरी उपयोग नाही. मग डोकं-कान झाकलेत का, मोजे कोरडे आहेत का ते बघा. पोटात काहीतरी गरम जाऊ द्या. हात थरथरणं थांबत नसेल किंवा बोलणं अडखळायला लागलं तर डेकवर थांबू नका, बोटीवरच्या दवाखान्यात जा. तिथलं बिल मोठं येतं, म्हणून प्रवासाचा विमा आधीच काढलेला असावा.

*बूट भिजले.* आतले तळवे बाहेर काढा, वर्तमानपत्र किंवा टिश्यू कोंबा, दोन तासांनी बदला. हेअर ड्रायर जवळ धरू नका, गोंद सुटतो.

*फोन ६० टक्क्यांवरून बंद पडला.* गारठ्यात बॅटरी अशी दगा देते. फोन आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, ऊब मिळाली की पुन्हा चालतो.

*कॅमेऱ्याच्या काचेवर आतून धुकं.* बाहेरून आत येण्याआधीच तो प्लास्टिकच्या बंद पिशवीत घाला आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. पुसत बसलात तर ओल आणखी पसरते.

*संध्याकाळ झाली, बॅग केबिनपाशी आलीच नाही.* चढताना धक्क्यावर दिलेल्या बॅगा दुपारी किंवा संध्याकाळी दाराशी येतात. खूप उशीर झाला तर एकतर टॅग फाटलाय, नाहीतर आत किटली-इस्त्री सापडून ती सुरक्षा विभागात अडकली आहे. रिसेप्शनवर जाऊन विचारा. म्हणूनच पासपोर्ट, औषधं, एक थर्मल आणि जर्किन पहिल्या दिवशी खांद्यावरच्या पिशवीत हवं.

शेवटच्या रात्री हेच उलटं घडतं. मोठ्या बॅगा रात्री दाराबाहेर ठेवायच्या असतात, आणि त्या थेट धक्क्यावर भेटतात. सगळं नीट आवरून बॅग बाहेर ठेवली, आणि सकाळी कळलं की बूट, चष्मा आणि पासपोर्ट तिच्यातच गेले, असं दर फेरीत कुणाचं तरी होतं. रात्री बॅगेची चेन लावण्याआधी सकाळी घालायचा पूर्ण जोड, बुटांसकट, खुर्चीवर काढून ठेवा.